बाबांचं वय झालंय म्हणून सोडून देऊ नकोस

वाचकाचं पत्र:

ताई, मी इंदूरला सुदामा नगरात राहते, वय ४९, माहेर रामबागेत. आईला जाऊन १४ महिने झाले. बाबा ७४ चे, स्टेट बँक ऑफ इंदूरमधून रिटायर झालेले, आई गेल्यापासून घरात एकटेच असतात. पहिल्यांदा बरे सावरले होते, सकाळी राजवाड्यापर्यंत चक्कर, पोहे, पेपर, मित्रांशी गप्पा सगळं परत सुरू झालं होतं. पण मागच्या सहा-सात महिन्यांपासून एकेक करून सगळं सुटलं. रात्री साडेतीनला उठून बसतात ते परत झोपतच नाहीत, अर्धी पोळी खाऊन ताट सरकवतात, पँटच्या पट्ट्याला स्वतःच नवीन भोक पाडलंय इतके बारीक झालेत. दिवसभर पोटात गॅस, छातीत घबराहट. सोनोग्राफी, एंडोस्कोपी, ईसीजी सगळं नॉर्मल. नोव्हेंबरात पेन्शनचं जीवन प्रमाणपत्र द्यायचं विसरले, आयुष्यभर बँकेत काढलेला माणूस! विचारलं तर म्हणे, काय फरक पडतो. सारखं म्हणतात की मीच हिला वेळेवर दवाखान्यात नेलं नाही, आणि हल्ली एक नवीनच, देवाने मला नेलं असतं तर बरं झालं असतं. डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली, ती घेऊन परवा बाथरूममध्ये तोल गेला. भाऊ पुण्याला, तो म्हणतो डिमेन्शिया सुरू झालाय, घर विकू आणि मी बाबांना इकडे घेऊन येतो. नवरा म्हणतो वय झालं की असंच होतं. मी रोज दोन्ही घरं करते, मुलाची बारावी आहे, हल्ली सिग्नलला गाडी थांबली की मला रडू येतं. ताई, हे खरंच वयाचं आहे का?

उत्तर:

नाही, हे वयाचं नाहीये. तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मुद्दाम आधी दिलं कारण बाकी सगळं त्याच्यावरच अवलंबून आहे. वय झालं की माणूस थोडा हळू होतो, झोप कमी होते, चष्मा कुठे ठेवला ते विसरतो, पण रोजचे पोहे, रोजचे मित्र, रोजचा पेपर हे सगळं सहा महिन्यांत सुटणं, वजन इतकं उतरणं आणि मरणाची भाषा करणं हे म्हातारपणात आपोआप येत नाही. तू जे लिहिलंयस ते वाचून मला डिप्रेशनची दाट शंका येते. मी डॉक्टर नाही, समुपदेशक आहे, त्यामुळे निदान मानसोपचार तज्ज्ञच करतील, पण त्यांच्याकडे जायचं की नाही हा प्रश्नच ठेवू नकोस, जायचंच आहे आणि ह्याच आठवड्यात जायचंय.

आपल्याकडे हे इतकं का सुटतं सांगू? आपल्याला वाटतं डिप्रेशन म्हणजे माणूस रडत बसणार, मला फार उदास वाटतंय म्हणणार. तुझ्या बाबांच्या वयाचे पुरुष असं म्हणत नाहीत गं, ती भाषाच त्यांना कोणी शिकवली नाही. ते म्हणतात पोट साफ होत नाही, छातीत घबराहट होते, पायात दम नाही, डोकं जड आहे. आणि ते खोटं बोलत नसतात बरं का, त्रास शरीरात खरंच होत असतो, मग घरचे पोटाचे रिपोर्ट करतात, रिपोर्ट नॉर्मल येतात आणि सगळे म्हणतात काही नाहीये, तुम्ही उगाच विचार करता. झालं, तिथेच गाडी अडते. आपल्या देशात २०१७-१८ मध्ये पंचेचाळिशीच्या वरच्या ७२ हजारांच्या आसपास लोकांचा मोठा सर्व्हे झाला होता, लासी नावाचा, त्यात साठीच्या वरच्या लोकांमध्ये ८ टक्क्यांच्या आसपास डिप्रेशनची लक्षणं सापडली, आणि डॉक्टरांनी तसं निदान केलेले लोक १ टक्क्याहूनही कमी होते. म्हणजे दहातले नऊ जण तसेच घरात बसलेत, कुणी गॅसच्या गोळ्या खात, कुणी झोपेच्या.

आता तू म्हणशील आई गेल्याचं दुःख तर होणारच ना. होणारच, पन्नासेक वर्षांचा संसार होता, ते दुःख कुठे जाणार आणि ते जावं असं कोणी म्हणतही नाहीये. पण त्या दुःखात माणूस येऊन-जाऊन असतो, आईची आठवण निघाली की डोळे भरतात आणि त्याच गप्पांमध्ये तिचा एखादा किस्सा निघाला की हसूही येतं, नात आली की चेहरा खुलतो. डिप्रेशनमध्ये ते येणं-जाणं बंद होतं, दिवसच्या दिवस एकच रंग, कशातच मन लागत नाही, आणि माणूस स्वतःलाच गुन्हेगार ठरवतो. तुझ्या पत्रातली दोन वाक्यं मला टोचली, मीच हिला नेलं नाही आणि काय फरक पडतो. शिवाय पहाटे साडेतीनला जाग येणं. झोप लागायला उशीर होणं वेगळं आणि नेहमीच्या वेळेच्या दोन-तीन तास आधी जाग येऊन मन काळ्या विचारांत फिरणं वेगळं, हे दुसरं डिप्रेशनचं फार जुनं आणि ओळखीचं लक्षण आहे. त्यांना विचारून बघ, सकाळ जास्त जड जाते का? संध्याकाळी जरा हलकं वाटतं का? हो म्हणाले तर ते डॉक्टरांना आवर्जून सांग.

डिमेन्शियाचं. भावाची शंका चुकीची आहे असं मी म्हणणार नाही, तपासलंच पाहिजे, पण तुझं वर्णन तिकडे कमी जातंय. डिमेन्शियात विसरणं वर्षानुवर्षं हळूहळू वाढत जातं, कधी सुरू झालं हे घरच्यांना नेमकं सांगताही येत नाही, आणि बरेचदा माणूस स्वतः म्हणतो मला काही झालं नाही, चूक झाकतो, भलतंच उत्तर देऊन मोकळा होतो. डिप्रेशनमधलं विसरणं काही आठवड्या-महिन्यांत येतं, माणूस स्वतःच तक्रार करतो की माझं डोकं चालत नाही, आणि काही विचारलं तर प्रयत्नच न करता म्हणतो माहीत नाही. जीवन प्रमाणपत्र त्यांना आठवत नव्हतं की आठवूनही ते उठले नाहीत? काय फरक पडतो म्हणणाऱ्या माणसाच्या बाबतीत मला दुसरं जास्त खरं वाटतं. (ते काम मात्र राहिलं असेल तर आधी उरकून टाक, आता घरबसल्या मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतं, पेन्शन अडकली तर त्यांना अजून एक अपराध सापडेल.) कधीकधी दोन्ही आजार एकत्रही असतात, म्हणून डॉक्टर साधारण आधी मन सावरायची ट्रीटमेंट देतात आणि मग स्मरणशक्ती परत तपासतात. आत्ता कुणीही डिमेन्शियाचा शिक्का मारू नका आणि बाबांच्या समोर तर तो शब्द काढूच नका.

डॉक्टरांकडे जायच्या आधी रक्त तपासून घ्या, कारण काही साध्या गोष्टी अगदी अश्शाच दिसतात. थायरॉईड कमी असेल तर माणूस सुस्त, उदास, विसराळू होतो. बी-१२ कमी असेल तर तसंच, आणि आपल्या शाकाहारी घरांमध्ये ते कमी असणं काही नवल नाही, त्यात बाबा शुगरसाठी मेटफॉर्मिन घेत असतील किंवा वर्षानुवर्षं अ‍ॅसिडिटीची गोळी रोज सकाळी घेत असतील तर अजूनच. हिमोग्लोबिन, शुगर, किडनी, सोडियम, व्हिटॅमिन डी. कान आणि मोतीबिंदूसुद्धा बघा, ऐकू कमी यायला लागलं की माणूस चार लोकांत बसायचं टाळतो आणि घरच्यांना वाटतं हा तुसडा झाला.

झोपेच्या गोळीबद्दल मला जरा राग आहे, तो लपवत नाही. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या म्हाताऱ्या माणसाला दिल्या की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गुंगी राहते, तोल जातो, गोंधळायला होतं, स्मरणशक्ती अजून बिघडते आणि सवय लागते ती वेगळीच. ७४ व्या वर्षी बाथरूममध्ये पडून मांडीचं हाड मोडलं तर पुढचं काय असतं हे तू शेजारीपाजारी पाहिलं असशीलच. पण ऐक, गोळी एकदम बंद करू नकोस, काही आठवडे रोज घेत असतील तर अचानक सोडल्याने बेचैनी, थरथर, कधी फिट्सही येऊ शकतात, डॉक्टर हळूहळू कमी करून देतील. तोपर्यंत बाथरूममध्ये पकडायला दांडा बसव, रात्री पॅसेजचा दिवा चालू ठेव, आणि गोळ्यांची अख्खी पाकिटं तिथे ठेवू नकोस, डबीत एका आठवड्याच्याच भर, बाकी तुझ्याकडे. हे फक्त पडण्यासाठी नाही सांगत, खाली वाच.

देवाने मला नेलं असतं तर बरं. हे वाक्य म्हातारी माणसं सहज बोलतात असं समजून आपण विषय बदलतो, बाबा काहीतरीच काय बोलता, चहा घेता का! तसं करू नकोस. शांत वेळ बघून, जवळ बसून, सरळ विचार: बाबा, जगावंसं वाटत नाही असं होतं का? स्वतःला काही करून घ्यावं असा विचार येतो का? मला माहितीये हे विचारताना घसा कोरडा पडतो आणि वाटतं आपण विचारल्याने त्यांच्या डोक्यात येईल, पण तसं होत नाही हे पक्कं आहे, उलट बऱ्याच जणांना सुटका झाल्यासारखं वाटतं की कोणीतरी विचारलं एकदाचं. नाही म्हणाले, फक्त तिच्यामागे जावंसं वाटतं म्हणाले तरी डॉक्टरांना सांगायचंच. पण हो म्हणाले, किंवा कसं करायचं ते ठरवल्यासारखं बोलले, कागदपत्रं-दागिने वाटायला लागले, खाणंपिणंच बंद केलं, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नकोस, त्याच दिवशी एमवायच्या (आपल्या इंदूरच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या) कॅज्युअल्टीत किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं आणि तोपर्यंत त्यांना एकटं सोडायचं नाही. रात्री-बेरात्री काही सुचेनासं झालं तर १४४१६ ला फोन लाव, टेली मानस, सरकारची फुकट सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास असते, आणि तू स्वतःसाठीही तिथे बोलू शकतेस.

आता खरी अडचण, त्यांना न्यायचं कसं. तू बाबांना सायकियाट्रिस्टचं नाव सांगितलंस की ते काय म्हणणार हे मी इथे बसून सांगू शकते: मला काय बाणगंगाला नेतेस का? आपल्या इंदुरात मेंटल हॉस्पिटल बाणगंगाला, म्हणून त्या बिचाऱ्या जागेचं नाव आपण पिढ्यान्‌पिढ्या शिवीसारखं वापरलं, आणि आता आपल्याच बाबांच्या वाटेत ते आडवं येतंय. खरं तर तिथेही रोज साधी नोकरी-धंद्याची माणसं येतात, दाखवतात, गोळ्या घेतात आणि घरी जातात. पण बाबांशी ह्या विषयावर वाद घालायची ही वेळ नाही. एमवायमध्ये मानसिक रोगांची वेगळी ओपीडी आहे, शिवाय गावात कितीतरी मानसोपचार तज्ज्ञ साध्या क्लिनिकमध्ये बसतात जिथे शेजारी दातांचा डॉक्टर असतो. तू असं म्हण: बाबा, पोटाचे रिपोर्ट चांगले आलेत तरी त्रास होतोय, झोप नाहीये, वजन उतरलंय, म्हणजे दुसरं काहीतरी आहे, हे डॉक्टर झोप आणि भूक ह्याच गोष्टी बघतात, मला रात्री तुमच्या काळजीने झोप लागत नाही, माझ्यासाठी चला. ह्यात एक शब्द खोटा नाही. बाप स्वतःसाठी उठत नाही पण लेकीसाठी उठतो, हे मी खूप घरांमध्ये बघितलंय. ज्या फॅमिली डॉक्टरवर त्यांचा विश्वास आहे त्यांच्याकडूनच चिठ्ठी घेतलीस तर अजून सोपं. मात्र फसवून नेऊ नकोस आणि काही लोक करतात तसं दुधात-भाजीत गोळी मिसळू नकोस, एकदा कळलं की तुझ्या हातचं पाणीसुद्धा संशयाने पितील.

डॉक्टर बहुतेक काही सोपे प्रश्न विचारतील. ज्येष्ठांसाठी १५ प्रश्नांची एक यादीच असते, नुसती हो-नाही उत्तरं, आयुष्य रिकामं वाटतं का, पूर्वीचे छंद सुटले का, बाहेर जाण्यापेक्षा घरीच बसावंसं वाटतं का अशी. त्यात पोट, कंबर, झोप ह्यांचे प्रश्न मुद्दाम ठेवलेले नाहीत कारण ह्या वयात ते दुसऱ्या कारणांनीही बिघडतात. खोलीत थोडा वेळ तू बाहेर थांब, लेकीसमोर पुरुष माणूस खरं बोलत नाही. पण तुझं निरीक्षण कागदावर लिहून ने, पट्ट्याच्या भोकासकट.

औषध सुरू झालं तर दोन-चार गोष्टी डोक्यात पक्क्या ठेव. ही औषधं त्या झोपेच्या गोळीसारखी नसतात, व्यसन लावत नाहीत, पण लगेच कामही करत नाहीत. दोन ते चार आठवड्यांनी थोडा फरक, म्हाताऱ्या माणसात पूर्ण फरक दिसायला सहा-आठ आठवडे किंवा थोडे जास्तही लागतात, कारण डोस अगदी कमीपासून हळूहळू वाढवतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, जरा बेचैनी होऊ शकते आणि नेमकं तेव्हाच घरातला कोणीतरी शहाणा म्हणतो की बघ गोळ्यांनी त्रास वाढला, बंद कर. बंद करायची नाही, डॉक्टरांना फोन करायचा. आधी झोप आणि भूक सुधारते, मन नंतर येतं, त्यामुळे दोन पोळ्या खाल्ल्या पण चेहरा तसाच आहे म्हणून निराश होऊ नकोस. ह्या वयात ह्या गोळ्यांनी कधीकधी रक्तातलं सोडियम खाली जातं, मग माणूस एकदम गोंधळतो, लडखडतो. बीपीच्या गोळीच्या नावापुढे एच असेल तर त्यात बऱ्याचदा लघवी वाढवणारं औषध असतं, तेव्हा ही शक्यता अजून वाढते, म्हणून सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेव, रक्त पातळ करायची असेल तर तीसुद्धा, आणि काही आठवड्यांनी सोडियम परत तपासायचं का ते विचार. आणि बरं वाटायला लागलं म्हणून दोन महिन्यांत सोडून द्यायचं नाही, बरं झाल्यावरही साधारण सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात, मग तेच हळूहळू कमी करतात.

घरी काय करायचं तर जे बोलायचं नाही त्याच्यापासून सुरू कर. मन रमवा, पॉझिटिव्ह राहा, तुम्हाला काय कमी आहे, आईला असं बघून वाईट वाटेल, ही सगळी वाक्यं बंद. डिप्रेशनमध्ये उत्साह आला की माणूस उठेल अशी वाट बघत बसलं तर तो कधीच उठत नाही, उलटं चालतं, आधी थोडं हलायचं, उत्साह मागून येतो. म्हणून राजवाड्यापर्यंत चला म्हणू नकोस, ते त्यांना आत्ता डोंगराएवढं आहे. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत, तेही सकाळच्या उन्हात, तुझ्यासोबत. पोहे तू करून नेऊ नकोस, तिथे जाऊन दोघांनी करा, कांदा तू चीर आणि वरची सेव-कोथिंबीर त्यांना घालायला लाव. वेळ ठरलेली असू दे, रोज तीच. त्यांच्या जुन्या बँकेच्या मित्रांपैकी ज्याच्याशी जास्त पटतं अशा एकाला फोन करून सांग की घरी येत जा, दहा मिनिटं बसा, बोलले नाहीत तरी बसा. सानंदच्या, म्हणजे आपल्या इथल्या मराठी नाटकं आणणाऱ्या संस्थेच्या, नाटकाचा आग्रह आत्ता नको, शेजारची रिकामी खुर्ची त्यांना झेपणार नाही. पुढे कधीतरी ते स्वतः तारीख विचारतील तेव्हा जा. आणि आईबद्दल बोला गं! घरात तिचं नाव निघत नसेल तर ते मुद्दाम काढ, मी वेळेवर नेलं नाही असं म्हणाले तर लगेच खोडू नकोस, त्या दिवशी काय काय झालं ते सगळं त्यांना सांगू दे, मग हळूच सांग की त्या वेळी आपल्याला जेवढं माहीत होतं तेवढ्यावर तुम्ही ठरवलंत.

घर विकायचा विषय पूर्ण थांबव. डिप्रेशनमध्ये असताना मोठा निर्णय घ्यायचा नाही, हा नियम भावाला माझ्या नावाने सांग हवं तर. आत्ता बाबा काय फरक पडतो म्हणून सही करूनही देतील. रामबागेतली गल्ली, ओळखीचा दूधवाला, आईची भांडी हे सगळं एकदम काढून पुण्याच्या सातव्या मजल्यावर अनोळखी लोकांत बसवलं, मुलगा-सून दिवसभर ऑफिसात, तर मला काळजी वाटते. बरे झाल्यावर त्यांनी स्वतः ठरवू दे. महिनाभर भावाकडे राहून यायचं असेल तर ते वेगळं, तेही ट्रीटमेंट सुरू होऊन थोडी घडी बसल्यावर आणि औषध न चुकवता.

आणि आता तू. तुझ्याबद्दल तू पत्रात शेवटी दोन ओळी लिहिल्यास पण त्या मी सगळ्यात आधी बघितल्या. तुझी आईसुद्धा १४ महिन्यांपूर्वीच गेलीये, तुला तिच्यासाठी रडायला वेळ मिळाला का? वय ४९, म्हणजे पाळी पुढेमागे होत असेल, रात्री घाम येऊन जाग येत असेल, ह्या काळात हार्मोन्समुळे उदासी आणि चिडचिड वाढते हे डॉक्टरही मानतात, त्यात दोन घरं, बारावीचा मुलगा, आणि भाऊ फोनवरून सल्ले देणारा. दोन आठवड्यांहून जास्त दिवस रोज असं रडू येत असेल, कशात मन नसेल, तर बाबांसोबत तुझीही तपासणी करून घे, थायरॉईड तुझंही बघ. बाबांना लेकीसाठी उठवायचंय आणि लेकच आतून बसत चाललीये असं नको व्हायला.

भावाला भांडून काही मिळणार नाही, त्याला कामं दे. लांबून होणारी कामं खूप आहेत: रोज रात्री नऊला बाबांना व्हिडिओ कॉल त्याने करायचा, औषधांची ऑर्डर त्याने ठेवायची, अपॉइंटमेंट त्याने घ्यायची, दुपारी चार तास सोबतीला माणूस ठेवायचा त्याचे पैसे त्याने द्यायचे, आणि दोन-तीन महिन्यांतून आठ दिवस येऊन राहायचं म्हणजे तुला सुट्टी. तू किती दमलीयेस हे सांगण्यापेक्षा ही यादीच व्हॉट्सअ‍ॅपवर टाक, नवऱ्यालाही त्यात घे, निदान रविवारची सकाळ रामबागेत त्याने जायला काय हरकत आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइनही आहे, पेन्शन, कायदा, सोबतीची माणसं अशी माहिती लागली तर तिथे विचारता येतं.

लॅबवाल्याला उद्याच फोन कर, घरी येऊन रक्त नेतात. उपाशीपोटी द्यायचं का ते विचारून घे, आणि थायरॉईड, बी-१२, सोडियम ही नावं स्वतः सांगून लिहून घ्यायला लाव, नेहमीच्या पॅकेजमध्ये बी-१२ बऱ्याचदा नसतं. रिपोर्ट हातात आले की त्याच दिवशी डॉक्टरांची वेळ घे आणि काय म्हणाले ते मला लिही.